चमचाभर चिकाचे काम



पाड्यावर बाळंतिणीला भेटायला गेले की एक वाक्य हमखास कानी पडते : "ताई, अजून दूध उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी पाजू." तोवर बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवतात आणि आईचा पिवळा चीक पिळून टाकतात. मी नुसतेच "असं करू नका" म्हणायचे. एकदा एका आजीने विचारले, "एवढ्याशा चिकानं काय पोट भरणार?" मला उत्तर देता आले नाही. मग मी ते शोधले.

आतड्याच्या अस्तरात काही खास पेशी असतात. त्या संप्रेरके, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडतात. गॅस्ट्रिनमुळे जठराचे अस्तर वाढते, मोटिलिनमुळे आतड्याची हालचाल होते, कोलेसिस्टोकायनिनमुळे पित्त व पाचकरस सुटतात. या पेशी गर्भातच तयार होतात. परंतु तिथे पोषण नाळेतून मिळते. पचनाचे खरे काम जन्मानंतर सुरू होते.

ब्रिटनमधील डॉ. लुकस, डॉ. ब्लूम आणि डॉ. एन्स्ली-ग्रीन यांनी १९७० व १९८० च्या दशकांत नवजात बाळांच्या रक्तातील ही संप्रेरके मोजली. दूध घेणाऱ्या बाळांमध्ये ती पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने वाढली. ज्या आजारी बाळांना सारे पोषण शिरेतूनच मिळत होते, त्यांच्यात ही वाढ झाली नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मात्र अगदी थोडे दूध दिले, तरी ती वाढली.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. पहिल्या दिवशीचा चमचाभर चीक आतड्याला जागे करतो. शिवाय त्यात रोगांशी लढणारे घटक असतात. मधातून मात्र वर्षाच्या आतील बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

म्हणून जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळाला छातीशी घ्यावे आणि सहा महिने फक्त आईचेच दूध द्यावे. अशक्त बाळाला ओढता येत नसेल, तर चीक वाटीत काढून चमच्याने पाजावा आणि त्याला लगेच दवाखान्यात न्यावे.

आता मी आज्यांना सांगते, "हा चीक पोट भरायला नाही, पोट चालू करायला आहे." चूल पेटवायला आधी काडी लागते, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक असते.