शेतकरी कंपनीचे सॉफ्टवेअर : तयार घ्यावे की बनवून घ्यावे?

सभासदांचा माल, प्रतवारी, चुकारा आणि निविष्ठांची विक्री यांचा हिशेब वाढला की शेतकरी उत्पादक कंपनीला वही पुरत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर बाजारातून तयार घ्यावे की स्वतःसाठी बनवून घ्यावे, हा प्रश्न संचालकांपुढे येतो. निवड चुकली तर ऐन हंगामात चुकारा अडकतो आणि सभासद आपला माल व्यापाऱ्याकडे वळवतो.

नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रे बनविणारा कारखानदार नट-बोल्ट, बेअरिंग बाजारातूनच घेतो. आपल्या यंत्राचा खास भाग तेवढा स्वतः घडवतो. सॉफ्टवेअरलाही हाच नियम लावावा.

तयार काय घ्यावे?
हिशेब, जीएसटी व पगार ही कामे सर्वत्र सारखी असतात आणि त्यांचे नियम बदलत राहतात. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे दर बदलले. तयार सॉफ्टवेअरचा विक्रेता असा बदल सर्व ग्राहकांसाठी एकदाच करतो. स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्ये तो खर्च एकट्या कंपनीवर पडतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक आहे. उत्पादक कंपनीही त्यातून सुटत नाही.

विकास सोसायट्यांचे कामही सारखेच असते. म्हणून २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुमारे ६३,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर करताना एकच सामाईक सॉफ्टवेअर ठरविले.

बनवून काय घ्यावे?
प्रतवारीनुसार चुकारा, तोडणीचे वेळापत्रक अशी आपल्या कंपनीची खास पद्धत असेल आणि ती तयार सॉफ्टवेअरमध्ये बसत नसेल, तर तेवढाच भाग बनवून घ्यावा. त्याआधी ही पद्धत एक हंगाम साध्या एक्सेल तक्त्यावर चालवून पाहावी. पद्धत पक्की नसताना बनविलेले सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा बदलावे लागते.

करार करताना
१) सर्व नोंदी एक्सेल स्वरूपात केव्हाही काढून घेता आल्या पाहिजेत.
२) बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड व त्याची मालकी कंपनीकडे असावी.
३) वार्षिक देखभालीचा दर आधीच लिहून घ्यावा.
४) पहिला हंगाम संपेपर्यंत जुनी वही बंद करू नये.

केवळ खरेदीची किंमत पाहू नये. पाच वर्षांचा देखभाल खर्च धरून दोन्ही पर्यायांची तुलना करावी व मगच सभेत ठराव घ्यावा.