मागच्या आसनावरील पट्टा शोभेचा नव्हे

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ ४ सप्टेंबर २०२२ रोजी एक मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण बचावले. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मात्र दगावले. या दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

मागचे आसन सुरक्षित, हा समज घातक आहे. मोटार धडकून थांबते, पण आतील माणसाचे शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. पट्टा हा धक्का छाती व कमरेच्या मजबूत हाडांवर विभागतो. पट्टा नसलेला प्रवासी पुढच्या आसनावर आदळून तेथे बसलेल्याचाही जीव धोक्यात घालतो. एअरबॅग ही पट्ट्याला पूरक असते, पर्याय नव्हे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागील प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक आहे. २०१९ पासून त्यासाठी एक हजार रुपये दंड आहे. तरीही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा अपघातात मृत्यू झाला. त्यांत ८,३३१ प्रवासी होते. पट्ट्याची आठवण देणारा गजर बंद पाडणाऱ्या क्लिपा खुलेआम विकल्या जात होत्या. त्या हटवण्याचे आदेश पाच ई-कॉमर्स कंपन्यांना मे २०२३ मध्ये द्यावे लागले.

टॅक्सीत अनेकदा पट्ट्याचे बक्कल सीटकव्हरखाली दडलेले असते. ते बाहेर काढून द्या, असे चालकाला सांगण्यात संकोच कशाला?