धाव, बांगडी आणि टायर

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव कशी चढवतो, हे तुमच्या आजोबांनी नक्की पाहिले असेल. धाव मुद्दामच चाकापेक्षा थोडी लहान केलेली असते. तिच्याभोवती गोवऱ्या रचून ती लालभडक तापवतात, चिमट्यांनी उचलून चाकावर ठेवतात, घणाचे चार ठोके देतात आणि लगेच पाणी ओततात. निवताना धाव आकसते आणि चाकाला घट्ट आवळून बसते.

यात किती फरक पडतो, हे गणिताने पाहू. चाकाचा व्यास 140 सें.मी. धरला तर परीघ सुमारे 440 सें.मी. होतो. तापमान 500 अंश सेल्सिअसने वाढले, तर लोखंडाची लांबी दर मीटरमागे सुमारे 6 मि.मी. वाढते. म्हणजे धावेचा परीघ सुमारे 26 मि.मी. वाढला. तेवढी सवड लोहाराला पुरते.

आज पाचोऱ्याच्या परिसरात बैलगाड्या कमी आणि मोटारसायकली जास्त दिसतात. मोटारसायकलीचा टायरसुद्धा चाकापेक्षा लहान असलेले एक कडेच आहे. पण तो तापवता येत नाही, कारण रबर जळून जाईल. मग तो चाकावर चढतो कसा आणि उतरतो कसा? हे समजले, तर टायर घरच्या घरी बदलता येतो. हे समजून न घेता नुसता जोर लावला, तर ट्यूब फाटते, टायर बिघडतो आणि चालवणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते.

काठातली तार

टायरचा जो काठ रिममध्ये बसतो, त्याला बीड म्हणतात. हा काठ बोटांनी दाबून पाहा. तो बाकीच्या टायरपेक्षा फार कडक लागतो, कारण त्याच्या पोटात पोलादी तारांचे वेटोळे असते. टायरचे बाकीचे अंग म्हणजे रबर आणि धाग्यांचे थर. हे धागे पूर्वी सुती असत; पुढे रेयॉन, नायलॉन आणि पॉलिएस्टर आले. कापसाच्या खानदेशातील वाचकांना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटेल.

आता थोडे गणित करू. समजा, काठाच्या कड्याचा व्यास 43 सें.मी. आहे आणि रिमची बाहेरची कड 1.4 सें.मी. उंच आहे. काठाची एक बाजू जागेवर ठेवून दुसरी बाजू कडेवरून ओढायची म्हटले, तर कड्याचा व्यास 44.4 सें.मी. व्हायला हवा. म्हणजे 135 सें.मी. परिघात सुमारे 4.4 सें.मी. वाढ हवी. ही वाढ शेकडा तीनहून अधिक झाली. पण पोलादी तार शेकडा एकाहून अधिक ताणली, तर ती पुन्हा पूर्ववत होत नाही. तात्पर्य, दोन पहिलवान लावले तरी टायरचा काठ ताणून निघणार नाही. निघालाच तर तो कायमचा निकामी होईल.

कासाराची युक्ती

काचेची बांगडीही ताणली जात नाही. तरी कासार ती हातात भरतोच. तो बांगडी मोठी करत नाही, तर हात दाबून लहान करतो आणि साबण लावतो. टायरची युक्ती अगदी हीच आहे. इथे चाक 'लहान' करायचे असते.

चाक कसे लहान होईल? टायर काढलेली रिम पाहा. दोन्ही बाजूंना काठ टेकण्याची बैठक असते आणि मध्यभागी चाकाभोवती एक खोलगट खाच असते. टायरचा काठ एका बाजूला बैठकीवरून ढकलून या खाचेत पाडला, की तो चाकाच्या केंद्राजवळ जातो. तेवढीच ढील समोरच्या बाजूला मिळते. खाच 1.2 सें.मी. खोल असेल, तर समोर 1.2 सें.मी. ढील मिळाली. कड 1.4 सें.मी. उंच आहे, म्हणजे उरले फक्त 2 मि.मी. कडे ताणले जात नसले तरी किंचित लंबगोल होऊ शकते, त्यामुळे तेवढे सहज भागते.

ही युक्ती 1890 सालची आहे. हवेच्या टायरची कल्पना त्याहून जुनी. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी 1845 मध्ये तिचे पेटंट घेतले होते, पण ती मागे पडली. 1888 मध्ये बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी तसा टायर नव्याने केला. मात्र तो चाकाला चिकटवून पक्का केलेला असे, त्यामुळे पंक्चर काढणे हा एक मोठा व्याप होता. 1890 मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी काठात तार आणि रिममध्ये खाच अशी जोडी सुचवली. आज पाचोऱ्यातील पंक्चरच्या दुकानातली रिम याच तत्त्वावर चालते.

टायर काढताना

हे काम घरातील मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचे. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर पक्की उभी करावी. एक्सलचा नट काढून चाक उतरवताना कोणता वायसर आणि कोणती नळी कोणत्या बाजूला होती, हे कागदावर लिहून ठेवावे. डिस्क ब्रेक असेल, तर चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ दाबू नये. चाक जुन्या टायरवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे, म्हणजे डिस्क वाकणार नाही.

मग व्हॉल्व्हमधली पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी आणि व्हॉल्व्हचा नट सोडवावा. आता टायरचा काठ बैठकीवरून सोडवायचा. टाचेने रिमच्या अगदी जवळ दाब देत चाकाभोवती फिरावे. काठ खाचेकडे घसरतो. दोन्ही बाजूंनी असे करावे.

पट्टी कोठून लावावी? व्हॉल्व्हच्या बाजूने. याचे कारण असे, की व्हॉल्व्हजवळ खाचेची जागा व्हॉल्व्हने अडवलेली असते. तेथे काठ खाचेत उतरू शकत नाही. म्हणून व्हॉल्व्हच्या समोरची बाजू गुडघ्यांनी दाबून खाचेत ठेवायची आणि व्हॉल्व्हजवळ चपटी लोखंडी पट्टी घालून काठ कडेवर आणायचा. एका वेळी चार बोटांहून अधिक काठ घेऊ नये. पट्टीला फार जोर लागू लागला, तर थांबा आणि समोर पाहा. तेथे काठ खाचेतून वर आलेला असणार.

नवा टायर चढवताना क्रम उलटा. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची आणि शेवटचा घास व्हॉल्व्हपाशी.

पट्टीची ताकद

ही पट्टी म्हणजे एक तरफ आहे. पट्टी 30 सें.मी. लांब असून रिमच्या कडेवर टेकली आणि टेकूच्या पुढे तिचे 2 सें.मी. टोक राहिले, तर तुमच्या हाताकडे 28 सें.मी. राहिले. 28 भागिले 2 म्हणजे 14. तुम्ही 10 किलोग्रॅम भाराइतका जोर लावला, तर टोकाशी 140 किलोग्रॅम भाराइतका जोर पडतो. त्या टोकाखाली ट्यूबची घडी सापडली तर तिचे काय होईल? नवी ट्यूब बसवूनही गाडी पुन्हा पंक्चर निघते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

म्हणून ट्यूब आत घालण्यापूर्वी तिच्यात थोडीशी हवा भरावी. ती गोल राहते, तिला घड्या पडत नाहीत आणि ती पट्टीपासून दूर राहते. त्याआधी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवावा. शेतरस्त्यावरचा बाभळीचा काटा आत मोडून राहिला असेल, तर कापड त्याला अडकते. आऱ्यांची टोके झाकणारी रबरी पट्टी नीट बसली आहे ना, हेही पाहावे.

काठाला साबणाचे पाणी लावावे. घर्षण कमी होऊन काठ सरकतो आणि पाणी वाळल्यावर घर्षण परत येते. तेल किंवा रॉकेल मात्र लावू नये. ते वाळत नाही, रबरात शिरते, रबर फुगते आणि कमजोर होते.

हवा हेच कुलूप

हवा भरू लागले, की टायरचा काठ खाचेतून वर चढतो आणि 'फट' असा आवाज होऊन बैठकीवर बसतो. यानंतर आतली हवाच त्याला तेथे दाबून धरते. टायरला ना खिळा, ना स्क्रू. हवा हेच त्याचे कुलूप. काठाजवळ टायरवर एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. तशी नसेल, तर हवा सोडून, साबणाचे पाणी लावून पुन्हा भरावी. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापलीकडे हवा कधीही भरू नये.

हवा नसलेल्या टायरवर गाडी चालवणे का धोक्याचे, हे आता कळेल. कुलूपच निघालेले असते! काठ खाचेत घसरतो आणि वळणावर टायर रिमवरून उतरू शकतो. तेव्हा पुढच्या दुकानापर्यंत चालवत नेण्यापेक्षा गाडी ढकलत न्यावी.

आपण '28 पौंड हवा' म्हणतो, त्याचा अर्थ दर चौरस इंचावर 28 पौंड दाब. दशमान पद्धतीत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2 किलोग्रॅम भार होतो. मागच्या चाकावर 120 किलो भार असेल, तर जमिनीला टेकलेला भाग 120 भागिले 2, म्हणजे सुमारे 60 चौरस सेंटिमीटर. लहान मुलाच्या तळहाताएवढा! वेग, वळण आणि ब्रेक या सर्वांचा भरवसा अशा दोन तळहातांवर असतो.

पाचोऱ्याच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. सकाळी 27 अंश तापमानाला 28 पौंड हवा भरली. दुपारी धावून टायरमधली हवा 67 अंशांपर्यंत तापली, तर दाब किती होईल? बाहेरच्या हवेचा दाब 14.7 पौंड मिळवून 42.7 झाले. केवल तापमान 300 वरून 340 झाले. म्हणून 42.7 गुणिले 340 भागिले 300, म्हणजे 48.4. त्यातून 14.7 वजा केले, की 33.7 उरले. हे पाहून कित्येक जण हवा कमी करतात. ते चूक आहे. हवा कमी झाली की टायर जास्त चेपतो, जास्त तापतो आणि लवकर खराब होतो. हवा नेहमी टायर थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे भरावी.

टायरवरची भाषा

100/90-17 याचा अर्थ: रुंदी 100 मि.मी., उंची रुंदीच्या शेकडा 90 आणि रिमचा व्यास 17 इंच. बाण असेल, तर तो चाक फिरण्याच्या दिशेने हवा. लंबगोलातले चार अंक म्हणजे टायर कधी बनला ते. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की टायर बदलण्याची वेळ झाली.

चाक परत बसवल्यावर साखळीची ढील तपासावी. एक्सलचा नट पुस्तिकेत सांगितल्याइतकाच घट्ट करावा आणि शंका असल्यास मेकॅनिककडून तपासून घ्यावा. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक चार-सहा वेळा दाबून पाहावा. नवा टायर प्रथम थोडा निसरडा असतो. सुरुवातीला गाडी बेताने चालवावी.

करून पाहा

1. सायकलचे जुने चाक घ्या. समोरची बाजू खाचेत दाबून, आणि न दाबता, अशा दोन प्रकारे टायर काढा. कोणत्या वेळी कमी जोर लागतो?

2. एक रबर बँड झाकणाच्या बाटलीत रॉकेलमध्ये आणि दुसरा साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी दोन्हींची लांबी मोजा. रॉकेल विस्तवापासून दूर ठेवा.

3. गावातील लोहार, कासार आणि पंक्चरवाले यांच्याकडे वर्गासह जा. तिघेही एका न ताणणाऱ्या कड्याशी झगडत असतात. कोण कडे मोठे करतो आणि कोण आतली वस्तू लहान करतो, याचा तक्ता वर्गात लावा.