बावन्नातले सात

गेल्या संक्रांतीला एका मित्राच्या घरी तिळगुळाबरोबर आलेली एक पुस्तिका मी चाळली. झेरॉक्सचे कागद, मधोमध दोऱ्याची शिवण, वर खाकी पुठ्ठा. आत एका बाईंचे वर्तमानपत्रात छापून आलेले सात लेख. लेख चांगले होतेच, पण मी अडकलो ते प्रत्येक लेखाखालच्या चार-पाच ओळींत. हा लेख का ठेवला, त्यातलं कोणतं वाक्य अजून खटकतं, कोणता परिच्छेद आज लिहिला नसता, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं होतं. शेवटच्या पानावर गाळलेल्या लेखांची यादी, तारखांसकट. आपलंच लेखन इतक्या उघडपणे निवडणारं आणि नाकारणारं माणूस मला मराठीत फारसं भेटलेलं नाही. पुढच्या निवडीच्या वेळी येऊन बसू द्याल का, असं मी त्यांना पत्राने विचारलं. उत्तर आलं : ‘या. मध्ये बोलू नका.’

बाई मिरजेला राहतात. शाळेतून निवृत्त झाल्या. एका जिल्हा दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्यांचं सदर बरीच वर्षं चालू आहे. दर आठवड्याला सहाशे शब्द. विषय गावातलेच : माणसं, दुकानं, शाळा, लग्नसराई, पाण्याचे दिवस. वर्षाचे रविवार ५२, म्हणजे लेख ५२, म्हणजे एकतीस हजारांहून जास्त शब्द. सोमवारी त्या पुरवणीत कोणाच्या तरी चपला गुंडाळल्या जातात, हे बाईंना चांगलं ठाऊक आहे.

“बावन्नातले सात टिकले की वर्ष चांगलं गेलं,” त्या म्हणाल्या. म्हणजे पंचेचाळीस बाद. हा आकडा त्यांनी कोणत्याही तक्रारीशिवाय सांगितला. परत येतानाच्या गाडीत तो माझ्या डोक्यातून जाईना.

मराठी लेखकाचं वर्ष खरं तर दिवाळीला संपतं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे कथाकार, कवी, निबंधकार सगळेच ऐन पावसाळ्यात लिहायला बसतात आणि आपलं बरंसं चांगलं त्या अंकांसाठी राखून ठेवतात. सदर लिहिणाऱ्याला तशी राखीव जागा नसते. ताप असो, घरात कार्य असो, शुक्रवारी मजकूर जायलाच हवा. त्यामुळे कोणता लेख जमला आणि कोणता नुसता वेळेत गेला, हे लिहिणाऱ्याला त्या आठवड्यात कळतच नाही. बाई ते डिसेंबरच्या शेवटी शोधायला बसतात.

मी गेलो तेव्हा त्यांच्या खोलीत शिरल्याबरोबर खळीचा वास आला. कात्रणं चिकटवायला त्या अजून घरीच खळ करतात, मैदा शिजवून, वाळवी लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकून. बाइंडरकडे शिकलेली पद्धत. पितळी वाटीत निळसर झाक असलेली ती घट्ट खळ आणि तिचा आंबूस, थोडा धातूसारखा वास. दिवसभर तो बोटांना आणि कागदांना होता. समोर जाड फुलस्केप वह्या. डाव्या पानावर कात्रण, उजव्या पानावर हस्तलिखिताची झेरॉक्स. जानेवारीतली कात्रणं आत्ताच पिवळी पडायला लागली होती. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन काढून टाकलेलं नसतं, म्हणून उजेड-वारा लागला की तो रंग बदलतो. बाईंच्या जुन्या वह्या तर चहाच्या रंगाच्या झाल्या आहेत.

पहिली फेरी कानाची. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी, आता बँकेत नोकरी करते, ती लेख मोठ्याने वाचते. बाई डोळे मिटून ऐकतात. स्वतः वाचत नाहीत, कारण स्वतः वाचताना डोळा चुकांवरून सरळ पुढे जातो आणि मनात असलेलं वाक्य कागदावर आहे असं वाटत राहतं. दुसऱ्याच्या आवाजात ते लपत नाही. मध्येच त्या “थांब” म्हणतात, वहीत पेन्सिलीने खूण होते, वाचन पुढे सरकतं. बरेच लेख दुसऱ्या परिच्छेदातच फुली घेऊन बाहेर गेले. एका लेखात ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ असं आलं, तेव्हा बाईंनी डोळे उघडले आणि नुसतंच त्या मुलीकडे पाहिलं. ती हसली आणि पान उलटलं.

दुसऱ्या फेरीत डावं-उजवं पान ताडून पाहायचं. ऑगस्टमधल्या एका लेखाच्या शेवटच्या चार ओळी छापताना गेल्या होत्या. खाली दागिन्यांची जाहिरात आली होती. मला वाटलं, बाई आता चिडतील. त्यांनी लेख आधी चार ओळींसह वाचायला लावला, मग त्या ओळींशिवाय. थोडा वेळ गप्प बसल्या.

“कापलं ते बरंच झालं. शेवटी मी शिकवायला लागले होते.”

आणि हस्तलिखितातल्या त्या चार ओळींवर त्यांनी स्वतः रेघ मारली. पुस्तिकेत तो लेख जाहिरातीने कापल्यासारखाच जाणार होता. वर्षानुवर्षं लिहून झाल्यावरही एवढं मोकळं मन असणं मला फार मोठं वाटतं.

खरी लढाई तिसऱ्या फेरीत झाली. मे महिन्यात बाईंनी आईवर लेख लिहिला होता. आईची गोधडी, तिच्या हातचा वास, तिचं रात्री उशिरापर्यंत जागणं. तो रविवारभर फोन वाजत होता. कोणीतरी लेखाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तो सोलापूर, पुणे करत दुबईतल्या मिरजकरांपर्यंत पोचला. वर्षातला सगळ्यात गाजलेला लेख हाच, याबद्दल वाद नव्हता. वाचताना त्या मुलीचा आवाज भरून आला.

“बाद,” बाई म्हणाल्या.

“बाई, अहो, एवढी माणसं रडली!”

“रडतीलच गं. त्यात सगळ्यांची आई आहे. माझी कुठंय?”

त्यांची आई, त्या म्हणाल्या, गोधड्या शिवत नव्हती. ती हिशेब लिहायची, मोठ्याने भांडायची आणि तिला तिखटजाळ खायला आवडायचं. यातलं काहीच लेखात आलं नव्हतं. मुलगी बराच वेळ भांडली आणि मला मनातून तिची बाजू पटत होती. अजूनही पटते. इतक्या लोकांना जे आपलं वाटलं ते निवडीतून सरसकट काढून टाकणं हा थोडा कडक न्याय आहे. पण बाईंचं कारण मला खोडता आलेलं नाही.

त्यांनी मोठा गोल केला तो एका अगदी दुर्लक्षित लेखाभोवती. मिरजेतल्या सतारमेकरांच्या गल्लीत एक कारागीर तानपुऱ्याची जवारी लावतो, एवढाच त्याचा विषय. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांत पुष्कळ अभिमानाचे मथळे आले. बाईंच्या लेखात अभिमान नावालाही नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे छताला टांगलेले, खाली एक माणूस तारांखालच्या घोडीवर कानस फिरवतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, तार उतरवतो, पुन्हा कानस. घोडीचा माथा केसभर जास्त घासला गेला तर तारेचा आवाज मरतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवायचा, जिथे आवाज उघडेल तिथे थांबवायचा. लेखात तो दोरा पुढे-मागे जाताना दिसतो. कारागीर किती पिढ्यांचा, त्याला किती मिळतं, कला टिकेल का, हे प्रश्न बाईंनी विचारलेच नाहीत. या लेखावर त्यांना एकही फोन आला नव्हता.

“हा का?” मी विचारलं. तोपर्यंत बोलायची परवानगी मिळाली होती.

“बसले तेव्हा मला काही माहीत नव्हतं. लिहून झालं तेव्हा माहीत झालं होतं. बाकीचे बरेचसे लेख मला आधीच पाठ होते.”

निवडीची याहून चांगली कसोटी मी ऐकलेली नाही.

संध्याकाळी चहाबरोबर त्यांनी कपाटातून ‘रसयात्रा’ आणि ‘चांदणवेल’ हे निवडक कवितांचे संग्रह काढून समोर ठेवले. ‘रसयात्रा’साठी कुसुमाग्रजांच्या कविता बोरकर आणि शंकर वैद्यांनी निवडल्या. ‘चांदणवेल’साठी बोरकरांच्या कविता निवडणाऱ्यांत कुसुमाग्रज होते. विंदा करंदीकरांची ‘संहिता’ पाडगावकरांनी केली आणि ‘आदिमाया’ विजया राजाध्यक्षांनी. कवीला असा कवी मिळतो, समीक्षक मिळतो. पुरवणीच्या आतल्या पानावर लिहिणाऱ्याला कोण मिळणार? १८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’तले निवडक निबंध आगरकरांच्या काळातच पुस्तकरूपाने निघाले, म्हणून वर्तमानपत्रातलं ते लेखन आज आपल्या हाताशी आहे. त्यानंतर सदरांची पुस्तकं मराठीत अक्षरशः ढिगाने निघाली. त्यांतली बरीच पुस्तकं म्हणजे वर्षभराची कात्रणं ओळीने लावलेली असतात, बरीवाईट सगळी. लेखकाने निवडलेलीच नसतात. वाचक तिसऱ्या लेखावर थकतो आणि बाविसाव्या पानावरचा उत्तम लेख तसाच राहतो. यात तोटा लेखकाचा आहे आणि आपलाही.

यंदा सहा लेख ठरले. सातव्याची जागा रिकामी होती. मुलीने पुन्हा एकदा आईचा लेख पुढे केला. बाई म्हणाल्या, “सात भरायचे म्हणून ठेवायचा नाही.” बावन्नातले सात हा त्यांचा नवस नव्हे, अंदाज आहे. या वर्षी सहा निघाले. प्रत्येकाखालच्या ओळी त्यांनी त्या रात्रीच लिहिल्या. जवारीच्या लेखाखाली लिहिलं की दुसऱ्या परिच्छेदातली दोन विशेषणं उगाच आली आहेत. गाळलेल्या शेहेचाळीस लेखांच्या यादीत आईचा लेख मे महिन्यात, आपल्या तारखेला, इतरांसारखाच एका ओळीत. सकाळी मुलगी सगळे कागद झेरॉक्सला घेऊन गेली.

संपादकांना माझी एक विनंती आहे. डिसेंबरच्या शेवटच्या पुरवणीत वर्षभराच्या घडामोडींना चार पानं देता, त्यातलं एक पान तुमच्या सदरलेखकांना द्या. प्रत्येकाने आपला एकच लेख निवडावा आणि तो का, हे पाच ओळींत सांगावं. आणि वाचकांनो, तुम्ही एखादं सदर दर रविवारी वाचत असाल तर या जानेवारीत त्या लेखकाला पत्र लिहा. ‘छान लिहिता’ एवढंच नको. वर्षभरातला कोणता लेख तुमच्याजवळ राहिला आणि त्यातलं कोणतं वाक्य, ते कळवा. कात्रण कापून ठेवलं असेल तर तेही सांगा.