पुण्याचे वाडे : पाहण्याचे आणि राखण्याचे

शहरांतील जुन्या वास्तूंचा उत्सव करावा ही कल्पना ऐकावयास नवी वाटली तरी तिच्यांतील भाव आपणांस परका नाहीं. ज्या समाजांत नव्या घरांत पाऊल ठेवण्यापूर्वीं वास्तुशांति करितात, त्याला घर म्हणजे केवळ दगडमाती नव्हे हें निराळें सांगावयास नको. दरवर्षीं १८ एप्रिल हा दिवस ऐतिहासिक वास्तूंचा दिवस म्हणून जगभर पाळिला जातो. पुण्यांत त्या दिवशीं आणि एरवींही कांहीं जाणकार मंडळी लोकांना बरोबर घेऊन पेठांतून पायीं फेरी काढितात. अशा फेरींत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळें घर सामील व्हावें असें आम्हांस वाटतें. मात्र पाहावयाचें काय, हें ठाऊक नसेल तर पदरीं निराशाच येते.

शनिवारवाड्याचीच गोष्ट घ्या. थोरल्या बाजीरावानें १० जानेवारी १७३० रोजीं त्याचा पाया घातला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति केली. बांधणीस १६,११० रुपये लागले असें सांगतात. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे पाहून पाहुणा मोठ्या अपेक्षेनें आंत शिरतो आणि समोर नुसतीं जोतीं व हिरवळ पाहून ‘वाडा कोठें आहे?’ असें विचारतो. प्रश्न रास्त आहे. वरचे मजले लांकडाचे होते. १८२८ च्या आगींत ते गेले आणि दगडी काम तेवढें उरलें. पण जोतेंही वाचतां येतें. खांबांच्या दगडी तळखड्यांमधील अंतर म्हणजे एक खण. वाडा किती मोठा, हें आपले लोक खणांवरूनच सांगत. मुलांना हे खण मोजावयास लावावें. ओसरी कोणती, चौक कोणता, हें तीं आपण होऊन विचारूं लागतात.

खणाची ही गोष्ट केवळ मोजमापाची नव्हे. वाड्याचा भार भिंतींपेक्षां सागवानी खांब व तुळया ह्यांवर अधिक असतो. म्हणून एखादी भिंत खचली तरी घर उभें राहूं शकतें. पण कौल सरकून पावसाचें पाणी तुळईच्या टोकांत मुरूं लागलें कीं आंतल्या आंत लांकूड कुजतें, आणि बाहेरून तें कोणास दिसत नाहीं. मृगापूर्वीं कौलें चाळण्याचा आपल्या वडीलधाऱ्यांचा नेम होता, त्याचें मर्म हेंच.

विश्रामबागवाडा आजही उभा आहे. दुसऱ्या बाजीरावाची ही वास्तु १८०७ च्या सुमारास पुरी झाली. खर्च दोन लाखांच्या घरांत गेला. रस्त्यावर झुकलेला तिचा कोरीव सज्जा आणि आंतील सुरूचे खांब पाहतांना मान दुखली तरी हरकत नाहीं! पेशवाई गेल्यावर १८२१ मध्यें येथें संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ मध्यें वाड्याचा एक भाग जळाला, तो पुन्हा बांधण्यांत आला. पुढें शाळा, नगरपालिकेच्या कचेऱ्या, टपालघर अशीं नाना बिऱ्हाडें येथें नांदलीं. रसिकांना हें विरूप वाटेल. आमच्या मतें वाडा वांचला तो माणसांची जा-ये राहिली म्हणूनच.

खासगी वाड्यांच्या नशिबीं एवढें भाग्य नाहीं. तीन-चार पिढ्यांत वारस वाढले, कोणी मुंबईस तर कोणी अमेरिकेस गेला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडीं जवळजवळ जागच्या जागीं गोठलीं. तेवढ्यांत कौलांची डागडुजीही होईना. मालक हात राखतो, भाडेकरू हक्क सोडीत नाहीं, आणि मधल्यामध्यें तुळई कुजते. येथें कोणा एकास दोष देणें सोपें आहे, न्याय्य नाहीं. शेवटीं वाडा पाडितात, सागवान विकलें जातें आणि त्या जागीं बहुमजली इमारत येते. बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांत १८४८ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं मुलींची शाळा काढिली. त्याच्या स्मारकाचा प्रश्न न्यायालयांत वर्षानुवर्षें भिजत पडला. डिसेंबर २०२३ मध्यें जीर्ण वाडा पाडण्यांत आला, तो त्याच जागीं स्मारक बांधण्यासाठीं. स्मारक अवश्य व्हावें. परंतु मुली ज्या घरांत शिकल्या तें घर कोणास पुन्हा दाखवितां येणार नाहीं.

ज्या कुटुंबांचा वाडा अद्याप उभा आहे, त्यांना एक विनंती. विकसकाच्या कागदावर सही होण्यापूर्वीं एखाद्या स्थापत्याच्या विद्यार्थ्याकडून वाड्याचा मोजून नकाशा काढून घ्या, दारांचीं व महिरपींचीं छायाचित्रें घ्या. माळ्यावरील जुनीं दप्तरें रद्दींत घालूं नका. १९१० मध्यें स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ अशाच कागदांवर वाढलें आहे. आणि घरांतील वृद्ध स्त्रियांना जवळ बसवून त्या नकाशावर नांवें लिहा: देवघर कोणतें, बाळंतिणीची खोली कोणती, दळणाचें जातें कोठें असे, चौकांतल्या तुळशीला पाणी कोण घाली.