सकाळची साखर, रात्रीचे इन्शुलिन

सकाळी बोटाला सुई टोचावी आणि ग्लुकोमीटरवर १९० हा आकडा दिसावा, असा अनुभव इन्शुलिन घेणाऱ्या अनेक मधुमेहींना येतो. रात्रीच्या इन्शुलिनची मात्रा वाढवणे हा त्यावर सहज सुचणारा उपाय. तो कधी योग्य ठरतो, तर कधी रुग्णाला मध्यरात्री बेशुद्धीच्या उंबरठ्यावर नेतो. कारण सकाळचा आकडा हा प्रवासाचा शेवट असतो. साखर तेथवर कोणत्या वाटेने पोहोचली, हे तो सांगत नाही.

जेवण नसतानाही यकृत रक्तात साखर सोडत असते आणि तिला आवर घालण्यासाठी निरोगी स्वादुपिंड थोडे थोडे इन्शुलिन सतत स्रवत असते. ग्लार्जिन, डेग्लुडेक यांसारखी दीर्घकाळ टिकणारी, म्हणजेच बेसल, इन्शुलिने ही उणीव भरून काढतात. जेवणाने वाढलेली साखर उतरवणे हे त्यांचे काम नव्हे. घोटाळा होतो तो येथेच.

झोपताना साखर २३० आणि सकाळी २२० असेल, तर बेसल मात्रा आपले काम चोख करीत आहे. दोष रात्री उशिराच्या जेवणाचा किंवा जेवणापूर्वीच्या इन्शुलिनचा. याउलट झोपताना २२० आणि सकाळी ११० हे आकडे पाहून घरात समाधान व्यक्त होते. वास्तविक ५० मिलिग्रॅमहून अधिक घसरण ही बेसल मात्रा जादा झाल्याची खूण मानली जाते. अशा रुग्णाचे एखाद्या एकादशीला रात्रीचे जेवण हुकले, तर साखर कोठवर खाली जाईल?

म्हणूनच दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर अशी तपासणी करावी लागते. त्या दिवशी जेवण लवकर उरकलेले बरे. पहाटे तीनला साखर ७० च्या खाली आढळली, तर मात्रा साधारणतः १० ते २० टक्क्यांनी घटवतात. तीनपर्यंत स्थिर राहून नंतर ती चढू लागली, तर तो पहाटे वाढणाऱ्या कॉर्टिसॉल व वृद्धिसंप्रेरकाचा परिणाम असू शकतो. रात्री साखर घसरली की शरीर प्रतिक्रिया म्हणून सकाळी ती वाढवते, असे मायकेल सोमोजी यांनी १९३० च्या दशकात मांडले होते. सेन्सरच्या नोंदी पाहता असे क्वचितच घडते. रात्री घसरलेली साखर बहुधा सकाळीही कमीच असते. जुन्या, स्वस्त एनपीएच इन्शुलिनचा जोर मात्र काही तासांनी शिगेला पोहोचतो. जेवणापूर्वी घेतल्यास ती वेळ नेमकी गाढ झोपेत येते.

दंडावरील सेन्सरमुळे रात्री उठण्याचा त्रास वाचतो. तथापि त्याच कुशीवर झोपल्यास दाबामुळे खोटा कमी आकडा उमटतो. तेव्हा बोटाच्या रक्ताने खात्री करणे इष्ट.

मात्रेतील बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. टाइप २ मधुमेहात उपाशीपोटी ८० ते १३० हे लक्ष्य गाठण्यासाठी दर तीन दिवसांनी दोन युनिटे वाढवण्याची पद्धत रूढ आहे. आज वाढवून उद्या निकाल पाहणे व्यर्थ. डेग्लुडेकचा परिणाम स्थिरावण्यास तीन-चार दिवस लागतात. आणि पहाटेच्या तपासणीत आकडा ७० च्या खाली आलाच, तर वहीत नोंद करण्याआधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.