प्रेस म्हणजे फडताळ!

माझी भाची गेल्या वर्षी नोकरीसाठी डब्लिनला गेली. भाड्याच्या घरात सामान टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. "मावशी, घरमालकीण चिठ्ठी लिहून गेलीय. कपबश्या प्रेसमध्ये आहेत म्हणे, आणि टॉवेल हॉट प्रेसमध्ये! इस्त्रीत कपबश्या कशा गं ठेवणार?"

खरंच की. आपल्याकडे प्रेस म्हणजे एक तर इस्त्री, नाहीतर छापखाना, नाहीतर पत्रकार मंडळी. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये मात्र प्रेस म्हणजे चक्क कपाट. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीजवळचं कपाट. त्यात चादरी-टॉवेल उबदार राहतात. एडिंबराच्या जुन्या घरांत तर भिंतीतच खोबण ठेवून तिला फळ्या बसवलेल्या असतात, कुठे दारंही असतात. तीसुद्धा प्रेस. हे कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, अगं बाई, हे तर आपलं फडताळ!

शब्द बराच जुना आहे. चौदाव्या शतकात चॉसरने तो कपाट या अर्थाने वापरलाय. मुळात दाबणं, दाटी करणं. छापखान्याचा प्रेसही त्याच घराण्यातला. कपड्यांची ती क्लोद्झ प्रेस आणि पुस्तकांची ती बुक प्रेस. इंग्लंडच्या रोजच्या बोलण्यातून हा अर्थ मागे पडला, पण ग्रंथालयांनी तो धरून ठेवला. पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर हे सांगणारी जी खूण, तिला तिथे प्रेसमार्क म्हणत. गंमत म्हणजे बाइंडरकडे पुस्तकं दाबून ठेवायचं स्क्रूचं यंत्र असतं ना, त्यालाही बुक प्रेसच म्हणतात. तेव्हा पुस्तक ठेवलं की दाबलं, हे वाक्य पाहून ठरवायचं!

या बुक प्रेसची सगळ्यात प्रसिद्ध जोडी आहे ती सॅम्युअल पीप्सची. हा लंडनचा आरमारी अधिकारी, रोजनिशीमुळे अजरामर झालेला. 1666 च्या जुलैत त्याने सुताराला बोलावलं, कारण पुस्तकं इतकी झाली होती की खुर्च्यांवर एकावर एक रचावी लागत. (आपल्या घरातली चित्रं डोळ्यांसमोर आली ना?) ओकच्या लाकडाची, काचेच्या दारांची कपाटं झाली. त्याच सप्टेंबरात लंडनला ती मोठी आग लागली. घर वाचलं, पुस्तकंही वाचली. पुढे कपाटं बारा झाली आणि पुस्तकं तीन हजार. उंचीप्रमाणे लावलेली, एखादं बुटकं निघालं तर त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा, म्हणजे माथे एका रेषेत! आपल्या माघारी यातलं एक पान हलू नये अशी त्याची इच्छा होती. 1724 साली हे सगळं केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात गेलं, आणि तीनशे वर्षं झाली तरी तसंच आहे.

कौतुक करावं असंच आहे. पण याच रोजनिशीत 1663 च्या जानेवारीतलं एक पान आहे, ते वाचल्यापासून मला ही कपाटं नुसती छान वाटत नाहीत. त्याची बायको एलिझाबेथ. घरात एकटीने दिवस काढणं किती जड जातं, हे तिने कागदावर लिहिलं होतं. ट्रंकेतून कागदांचं पुडकं काढवून तिने ते त्याला वाचून दाखवलं. पीप्स भडकला. लिहिलेलं खरं होतं हे तो स्वतःच कबूल करतो. त्याची भीती ही, की दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तर? त्याने ते पुडकं हिसकावलं आणि तिच्यासमोर एकेक कागद फाडला. त्यात त्याने तिला लिहिलेली जुनी प्रेमपत्रंही होती. 1669 साली एलिझाबेथ गेली, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी.

तिचे कागद ट्रंकेत होते, यापाशी मी अडखळले. आमच्या साताऱ्याच्या घरी वडिलांची कायद्याची पुस्तकं बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात. आलागेला ती बघायचा. आईची पुस्तकं स्वयंपाकघरातल्या फडताळात, तांदळाच्या डब्यामागे. जुने दिवाळी अंक, वाचनालयाने रद्दीत काढलेल्या कादंबऱ्या, आणि एक दोनशे पानी वही. पुस्तकांना हिंगाचा वास यायचा. वडील कधी फाडायबिडायचे नाहीत हो, तसे ते शांत. त्या फडताळात काय आहे, हे त्यांनी कधी विचारलंच नाही.

आई गेल्यावर काचेच्या कपाटाचं काय करायचं यावर आम्हा भावंडांत दोन तास चर्चा झाली. फडताळाचा विषयच निघाला नाही. तांदळाचा डबा रिकामा करायला गेले, तेव्हा मला ती वही सापडली. वाचली, पण इथे त्यातलं सांगणार नाही.

आता ते घर पाडायचं ठरलंय. भिंत काही आणता येत नाही, म्हणून मी फडताळाची दारं आणि फळ्या तेवढ्या मागून घेतल्या. एका दाराला खालून वाळवी लागलीय, पण फळ्या सागवानी, शाबूत आहेत. सुतार बुधवारी माप घ्यायला येणार आहे. बैठकीच्या खोलीतच बसवायचं म्हणतेय.

भाचीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, फडताळ म्हणजे काय गं?"

म्हटलं, "प्रेस!"